पेज फॉल्टच्या वाटेवरचे आठ बाइट: एका कर्नलचं प्रकरण

रविवारी सकाळी माझ्या विद्यार्थिनीचा निरोप आला: "सर, लॅपटॉप उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेला आणि आपला कर्नल बसला. कोडमध्ये एक ओळही बदललेली नाही."

आपला कर्नल म्हणजे शिकण्यासाठी लिहिलेला, एक्स८६-६४ प्रोसेसरवर चालणारा लहानसा कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो यूईएफआय या संगणकाच्या फर्मवेअरमधून सुरू होतो, मेमरीचं कुठलं पान कुठं आहे हे सांगणारी स्वतःची पेज टेबलं मांडतो, टायमरच्या ठोक्यावर प्रोसेस बदलतो आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रामला स्टॅकची, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीची, पानं लागतील तशी पुरवतो. ती आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यावर बसतो. या वेळची चूक शोधायला आम्हाला दीड दिवस लागला आणि दुरुस्ती निघाली दोन-तीन ओळींची. पण त्या ओळींवर समाधान मानून उठलो असतो तर याहून वाईट चूक कर्नलमध्ये तशीच राहिली असती. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

पडद्यावर काय दिसत होतं

कर्नल सुरू होत होता, शेल येत होता, लहान प्रोग्राम चालत होते. स्टॅकचं पहिलं पान ओलांडणारा प्रोग्राम चालवला की मात्र कर्नल पॅनिक, म्हणजे संदेश छापून तो थांबायचा. संदेश असा: जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, व्हेक्टर १३ (एक्सेप्शनचा, म्हणजे प्रोसेसरनं काम थांबवून कर्नलला दिलेल्या हाकेचा, क्रमांक), एरर कोड ०. आणि आरआयपीचा, म्हणजे चालू सूचना दाखवणाऱ्या रजिस्टरमधला, पत्ता होता थेट पेज फॉल्ट हँडलरच्या, म्हणजे नसलेल्या पानाची सोय करणाऱ्या फंक्शनच्या, पोटातला.

म्हणजे क्रम स्पष्ट होता. प्रोग्रामनं नसलेल्या पानाला हात लावला, प्रोसेसरनं पेज फॉल्ट दिला, आमचा हँडलर सुरू झाला, आणि पान जोडून द्यायच्या आत तो स्वतःच दुसऱ्या एक्सेप्शनमध्ये कोसळला. इथं अनेकांना वाटतं की पेज फॉल्टमध्ये दुसरा फॉल्ट आला म्हणजे डबल फॉल्टच व्हायला हवा. तसं नाही. पहिला फॉल्ट पोहोचवत असताना, म्हणजे प्रोसेसर फ्रेम (परतण्यासाठी लागणारी माहिती) स्टॅकवर लिहीत असताना दुसरा आला, तर डबल फॉल्ट होतो. हँडलरची पहिली सूचना एकदा चालू झाली की पुढचा फॉल्ट साधाच असतो. त्यामुळे आमचा व्हेक्टर १३ चा हँडलर व्यवस्थित चालला आणि सगळी रजिस्टर छापून गेला. हे आमचं भाग्यच. थेट रीसेट झाला असता तर हातात काहीच उरलं नसतं.

तिचं पहिलं मत होतं की कंपायलर बिघडला आहे. तसं वाटायला कारणही होतं. २२.०४ मध्ये जीसीसी ११ येतो, २४.०४ मध्ये जीसीसी १३. जुन्या कंपायलरनं बांधलेला कर्नल चालतो, नव्यानं बांधलेला पडतो. नव्यानंच पण ऑप्टिमायझेशन बंद करून बांधला तर पुन्हा चालतो. पुरावा सगळा एकाच दिशेला बोट दाखवत होता.

मी तिला म्हटलं, "अगं, कंपायलरवर आळ घेण्याआधी ती एक सूचना तरी बघू. आरआयपी आहे ना हातात."

व्हेक्टर १३ चा एरर कोड ० असला की मी आधी दोन गोष्टी तपासतो. सेगमेंट सिलेक्टर चुकला असता तर एरर कोडमध्ये बहुधा त्याचा क्रमांक सापडतो. इथं शून्य होतं. दुसरी शक्यता नॉन-कॅनॉनिकल पत्त्याची, म्हणजे पत्त्याचे वरचे बिट एकसारखे नसण्याची. छापलेली सगळी रजिस्टर पाहिली, त्यात एकही पत्ता तसा नव्हता. मग ऑब्जडंप या मशीन कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनानं हँडलर उघडला आणि आरआयपीच्या पत्त्यावर गेलो. तिथं होतं मूव्हएपीएस. एक्सएमएम० या १२८ बिटांच्या रजिस्टरमधला मजकूर आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) अधिक १६ या पत्त्यावर लिही, एवढंच ते सांगतं.

या सूचनेची एक अट आहे. मेमरीतला पत्ता १६ च्या पटीतच हवा, नसेल तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, एरर कोड ०. 'अलाइनमेंट चेक' (अलाइनमेंट म्हणजे पत्ता ठरलेल्या पटीत असणं) नावाचं वेगळं एक्सेप्शन आहे, व्हेक्टर १७, पण ते इथं लागू होत नाही. ते फक्त रिंग ३ मधल्या, म्हणजे वापरकर्त्याच्या, कोडसाठी असतं, आणि तेही दोन खास बिट चालू असतील तरच. त्या नावाला भुलून चुकीच्या जागी शोधणारे मी पाहिले आहेत.

सोळाच्या पायात लिहिलेल्या पत्त्याची एक सोय असते. १६ ची पट आहे की नाही हे शेवटच्या अंकावरून कळतं: ० असेल तर आहे, ८ असेल तर आठ बाइटांनी हुकली. पॅनिकच्या वेळी छापलेला आरएसपी ८ ने संपत होता. त्यात १६ मिळवले तरी शेवट ८ च. सूचनेनं आपलं काम चोख केलं होतं.

दोन लॅपटॉप, एकच बायनरी

पुढे जाण्याआधी एक गुंता सोडवावा लागला, आणि त्यानं आमची अर्धी दुपार खाल्ली. तिच्या घरी जुना लॅपटॉप होता, अजून २२.०४ वरच असलेला. नव्या मशीनवर बांधलेली तीच बायनरी, म्हणजे कंपायलरनं तयार केलेली फाईल, तिनं तिकडे नेली. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू केली. चालली! एकही पॅनिक नाही. आता कंपायलरवरचा आरोपही डळमळला, कारण बायनरी तीच होती.

कारण होतं क्यूईएमयूमध्ये. केव्हीएम (सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याची सोय) न वापरता तो प्रत्येक सूचनेचं सॉफ्टवेअरनं अनुकरण करतो, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या अशा १६ बाइटांच्या लिखाणाची अलाइनमेंट तपासतच नसत. चुकीच्या पत्त्यावरही मुकाट लिहून पुढे जात. नंतरच्या आवृत्त्यांत ही तपासणी आली. २२.०४ मध्ये क्यूईएमयू ६.२ आहे, २४.०४ मध्ये ८.२. म्हणजे एकाच अपग्रेडनं दोन गोष्टी बदलल्या होत्या: कंपायलर नवी सूचना टाकू लागला आणि इम्युलेटर ती तपासू लागला. जुन्या लॅपटॉपवर केव्हीएम चालू करून, म्हणजे खऱ्या प्रोसेसरवर, तीच बायनरी चालवल्यावर ती पहिल्याच पेज फॉल्टला पडली.

ज्यांचा कर्नल फक्त इम्युलेटरमध्ये चालतो त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आठवड्यातून एकदा तरी केव्हीएम लावून चालवा. शक्य असेल तर खऱ्या मशीनवर.

हिशेब

मूव्हएपीएसला वाटलं होतं पत्ता बरोबर असेल. असं त्याला का वाटावं? कारण कंपायलरला तसं वचन मिळालेलं असतं. सिस्टिम व्ही एबीआयचा, म्हणजे फंक्शननी एकमेकांना कसं बोलवायचं याच्या कराराचा, नियम आहे की कॉल ही सूचना चालण्याच्या क्षणी आरएसपीला १६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. कॉल स्वतः आठ बाइटांचा परतीचा पत्ता ठेवतो, म्हणून फंक्शनच्या दारात आरएसपी ८ ने संपतो. कंपायलर तिथून पुढे सगळं मोजून चालतो. आमच्या हँडलरमध्ये त्यानं सुरुवातीला दोन रजिस्टर पुश केली, म्हणजे स्टॅकवर ठेवली होती आणि मग ५६ बाइट जागा सोडली होती. स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो, म्हणून दारात शेवट ८ असेल तर १६ आणि ५६ वजा केल्यावर शेवट ० येतो. गणित त्याचं बिनचूक होतं.

सी मधून सी ला बोलावताना हे वचन कंपायलर दोन्ही बाजूंनी पाळतो, आपल्याला कळतही नाही. एक्सेप्शनच्या वाटेवर मात्र बोलावणारा असतो प्रोसेसर, आणि मध्ये असतो आपण हातानं लिहिलेला असेंब्लीचा स्टब, छोटासा पूल. तिथं वचन पाळण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

प्रोसेसर इथं आपल्याला एक मोठी मदत करतो. ६४ बिट मोडमध्ये एक्सेप्शन आलं की फ्रेम लिहिण्याआधी तो आरएसपी खाली सरकवून १६ च्या पटीत आणतो. मध्येच थांबवलेला कोड स्टॅक कसाही वाकडातिकडा ठेवून बसलेला असो, आपली सुरुवात नेहमी स्वच्छ पायावर होते. जुना आरएसपी प्रत्येक वेळी फ्रेममध्ये जपलेला असतो, त्यामुळे परतताना काही बिघडत नाही. ३२ बिट मोडमध्ये ही सोय नाही. तिथं नुसतं मोजून भागत नाही. आमच्याकडे मोजणं पुरेसं होतं, म्हणून मोजायला बसलो. जीडीबी हा डीबगर क्यूईएमयूला जोडला, स्टबवर ब्रेकपॉइंट लावला आणि एकेक सूचना पुढे नेत आरएसपीचा फक्त शेवटचा अंक वहीत लिहीत गेलो.

सुरुवात ०. प्रोसेसर एसएस, आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस आणि आरआयपी अशा पाच गोष्टी ठेवतो, प्रत्येकी आठ बाइट, एकूण ४०. शेवट ८. पेज फॉल्टला प्रोसेसर एरर कोडही ठेवतो, ती सहावी गोष्ट. शेवट ०. आमचा स्टब व्हेक्टर क्रमांक पुश करतो, सातवी. शेवट ८. मग पंधरा सर्वसाधारण रजिस्टर, एकूण बावीस गोष्टी, १७६ बाइट, म्हणजे बरोबर ११ गुणिले १६. शेवट ०. इथून कॉल केला तर वचन पाळलं जातं.

एरर कोडची भानगड आम्ही पहिल्याच महिन्यात नीट केली होती. प्रोसेसर तो सगळ्याच एक्सेप्शनना देत नाही. व्हेक्टर ८, १०, ११, १२, १३, १४, १७ आणि २१ यांना देतो. शून्यानं भागाकार, ब्रेकपॉइंट, टायमर वगैरेंना देत नाही. ज्यांना देत नाही त्यांच्या स्टबमध्ये आम्ही आधी खोटा शून्य पुश करतो, म्हणजे फ्रेमचा आकार सगळीकडे सारखा राहतो. एक्सेप्शनमध्ये स्टॅक वाकडा झाल्याच्या बहुतेक गोष्टी या एरर कोडपाशी येऊन थांबतात. एलएलव्हीएम कंपायलरमध्ये इंटरप्ट हँडलरसाठी जी खास कॉलिंग पद्धत आहे, तिच्यातही नेमकी हीच चूक होती: एरर कोड असलेल्या हँडलरमध्ये स्टॅक आठ बाइटांनी हुकायचा आणि मूव्हएपीएसवर फॉल्ट यायचा. २०१७ मध्ये ती दुरुस्त झाली, सुरुवातीलाच आणखी आठ बाइट सोडून. म्हणजे हा घोळ जाणत्यांच्या हातूनही होतो.

पण आमचा एरर कोड जागेवर होता. वहीत बावीसनंतरही एक नोंद उरली होती: तेविसावी. शेवट ८.

ती होती सीआर२.

पेज फॉल्ट ज्या पत्त्यामुळे आला तो पत्ता प्रोसेसर सीआर२ या रजिस्टरमध्ये ठेवतो. पुढचा पेज फॉल्ट आला की तो पुसला जातो. काही महिन्यांपूर्वी आम्ही हँडलरला डिस्कवरून पान आणायला शिकवलं. पान येईपर्यंत ही प्रोसेस झोपते, दुसरी चालते, तिला तिचा पेज फॉल्ट येतो, आणि पहिलीचा पत्ता गेला. म्हणून सीआर२ इंटरप्ट बंद असतानाच, अगदी दारात वाचून ठेवायचा, असं मीच सुचवलं होतं. तिनं तसं केलं: पेज फॉल्टच्या स्टबमध्ये पंधरा रजिस्टर ठेवून झाल्यावर सीआर२ वाचायचा, तो पुश करायचा, मग हँडलरला कॉल. हेतू योग्य होता, कोड वाचायला सरळ होता. फक्त हातचा धरायचा राहिला. तेवीस गुणिले आठ म्हणजे १८४. सोळानं भागलं तर आठ उरतात.

बाकीच्या सगळ्या एक्सेप्शनची वाट सारखी होती, पेज फॉल्टची तेवढी वेगळी. व्हेक्टर १३ चा हँडलर छान का चालला याचंही उत्तर यातच आहे. तो बावीसवाल्या वाटेनं आला, आणि त्याच्यासाठी प्रोसेसरनं वाकडा स्टॅक पुन्हा सरळ करून दिला होता.

मग इतके महिने हे चाललं कसं? आमच्या हँडलरमध्ये एक लहान स्ट्रक्चर आहे, पानाची मागणी नोंदवणारं. त्यात शेजारीशेजारी दोन आठ-आठ बाइटांच्या जागा: एकीत पत्ता, दुसरीत एरर कोड. जीसीसी ११ त्या दोन वेगवेगळ्या सूचनांनी लिहायचा, त्यांना अलाइनमेंटशी देणंघेणं नाही. जीसीसी १२ पासून ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या नेहमीच्या पातळीवरही व्हेक्टरायझेशन, म्हणजे अनेक कामं एका सूचनेत उरकणं, चालू झालं. नव्या कंपायलरनं दोन्ही जागा एका एक्सएमएम० मध्ये जोडल्या आणि १६ बाइट एका फटक्यात लिहिले. त्याला तसा पूर्ण हक्क होता. आमचा स्टॅक आधीपासून वाकडा होता, त्यावर वजन पडलं ते आता.

दुरुस्ती कोणती निवडावी

मार्ग चार-पाच होते आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली.

सगळ्यात सोपा म्हणजे सीआर२ पुश केल्यावर आरएसपीमधून आणखी आठ वजा करायचे आणि परतताना सोळा मिळवायचे. चालतो, पण उद्या कुणी आणखी एक गोष्ट पुश केली की तो जादा आठच अंगाशी येतो. दुसरा मार्ग, जुना आरएसपी आरबीपीमध्ये ठेवून आरएसपीचे खालचे चार बिट सरळ शून्य करायचे. आरबीपी हँडलर जसाच्या तसा परत देतो, त्यामुळे हे भक्कम आहे. ३२ बिटांत, किंवा बूटलोडरकडून आलेल्या बेभरवशाच्या स्टॅकवर, मी हेच करीन. पण जिथं हिशेब पक्का करता येतो तिथं ही उशी ठेवली तर पुढची प्रत्येक मोजणीची चूक तिच्याखाली झाकली जाते. तिसरा मार्ग कंपायलरला सांगण्याचा, की प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅक स्वतः सरळ करून घे. एका स्टबच्या चुकीसाठी सगळ्या कर्नलनं दंड भरावा, हे मला पटलं नाही.

उत्तर तिनंच काढलं. "सर, पुश करायचाच कशाला? पंधराही रजिस्टर ठेवून झाली आहेत, आरएसआय मोकळं आहे. सीआर२ तिथं वाचून दुसरा अर्ग्युमेंट म्हणून देऊ."

इतकं साधं. पहिला अर्ग्युमेंट आरडीआयमध्ये, ट्रॅप फ्रेमचा, म्हणजे स्टॅकवरच्या त्या बावीस गोष्टींचा, पत्ता. दुसरा आरएसआयमध्ये, सीआर२. वाचताना इंटरप्ट बंदच आहेत, म्हणून मूळ हेतूही साधतो. स्टॅकवर पुन्हा बावीस गोष्टी, परतीच्या वाटेवरची ती वेगळी सीआर२ काढून टाकण्याची ओळही गेली. पेज फॉल्टचा स्टब आता बाकीच्यांसारखाच दिसतो, एक ओळ सोडून.

याशिवाय दोन पहारे बसवले. सी मध्ये ट्रॅप फ्रेमच्या आकाराला १६ ने भाग जातो की नाही याची बांधतानाच होणारी तपासणी. आणि असेंब्लीत, डीबग बिल्डपुरती, कॉलच्या लगेच आधी आरएसपीचे खालचे चार बिट बघणारी दोन-तीन सूचनांची तपासणी. शून्य नसतील तर यूडी२, म्हणजे मुद्दाम फॉल्ट आणणारी सूचना. फ्लॅग प्रोसेसरनं आधीच फ्रेममध्ये जपलेले असतात, त्यामुळे ही तपासणी करताना कुणाचं काही बिघडत नाही. तपासणी खरंच चावते का हे पाहायला तिनं मुद्दाम जुनी सीआर२ ची ओळ परत घातली. पहिल्या पेज फॉल्टला, हँडलरमध्ये शिरण्याआधीच, यूडी२ लागला.

जे ओरडत नव्हतं

कर्नल चालू लागला. ती खूष होती आणि मीही. पण ऑब्जडंपमधली ती ओळ माझ्या मनातून जाईना. कर्नलच्या हँडलरमध्ये एक्सएमएम० आलंच कसं? आमचा स्टब पंधरा सर्वसाधारण रजिस्टर जपतो. एक्सएमएम रजिस्टर जपत नाही. ती आम्ही फक्त प्रोसेस बदलताना जपतो. मग वापरकर्त्याच्या प्रोग्रामनं एक्सएमएम० मध्ये काही ठेवलं असेल आणि मध्येच पेज फॉल्ट आला, तर त्याचं काय होत असेल?

तिला एक लहान चाचणी लिहायला सांगितली. वापरकर्त्याच्या बाजूनं सोळाही एक्सएमएम रजिस्टरमध्ये ओळखू येतील असे आकडे भरायचे, मग कधीही न शिवलेल्या पानावर एक बाइट लिहायचा, आणि परत आल्यावर आकडे तपासायचे. पंधरा रजिस्टर जशीच्या तशी होती. एक्सएमएम० बदललं होतं. खालच्या अर्ध्या भागात होता एक पत्ता, चाचणीनं नुकताच शिवलेल्या पानाचा. वरच्या अर्ध्या भागात होता ६.

सहा म्हणजे पेज फॉल्टचा एरर कोड. पान नव्हतं म्हणून पहिला बिट शून्य, लिहायला गेला म्हणून दुसरा एक, वापरकर्त्याच्या पातळीवरून गेला म्हणून तिसरा एक. कर्नलनं आपल्या कामासाठी जोडलेली ती जोडी प्रोग्रामच्या रजिस्टरमध्ये तशीच राहून परत गेली होती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एखादा प्रोग्राम दशांश आकड्यांची बेरीज करत असेल, मध्येच त्याला नवं पान लागलं, तर बेरीज बिघडेल. कुठलाही फॉल्ट नाही, पॅनिक नाही, संदेश नाही. उत्तर चुकीचं, आणि तेही फक्त पानाची सीमा ओलांडली तेव्हाच. शिवाय कर्नलच्या आतला मजकूर वापरकर्त्याला दिसतो, ते वेगळंच. या वेळी तो त्याच्याच फॉल्टचा पत्ता होता. दुसऱ्या फंक्शनमध्ये दुसऱ्याच कुणाचं काही असू शकतं.

स्टॅक वाकडा होता म्हणून मूव्हएपीएस ओरडलं, आणि ते ओरडलं म्हणून आम्ही तिथं पोहोचलो. स्टॅक सरळ असता तर अपग्रेडनंतर कर्नल बिनबोभाट चालला असता आणि आकडे खात राहिला असता. म्हणूनच नुसती अलाइनमेंट दुरुस्त करून उठणं मला धोक्याचं वाटतं. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. नेटवर शोधलं की अशा पॅनिकवर पहिला सल्ला मिळतो: कंपायलरला एसएसई, म्हणजे एक्सएमएम रजिस्टर वापरणाऱ्या सूचना, बंद करायला सांगा. तो सल्ला बरोबर आहे, पण तेवढाच पाळला तर मूव्हएपीएस नाहीसं होतं, पॅनिक जातं आणि वाकडा स्टॅक तसाच राहतो. पुढे कधीतरी त्या वाटेवर कुणी एफएक्ससेव्हसाठी, म्हणजे एक्सएमएम रजिस्टर एकदम जपणाऱ्या सूचनेसाठी, स्टॅकवर जागा घेईल. त्यालाही १६ ची पट लागते, आणि तोच फॉल्ट पुन्हा येईल, आता अगदी अनोळखी जागी.

आम्ही कर्नलच्या सगळ्या फायली फक्त सर्वसाधारण रजिस्टर वापरण्याच्या पर्यायासह बांधायला घेतल्या. रेड झोन बंद करण्याचा पर्याय आधीपासून होता. आरएसपीखालचे १२८ बाइट एबीआयनं फंक्शनला वापरू दिलेले असतात, आणि एक्सेप्शनची फ्रेम नेमकी त्यावरच लिहिली जाते, त्यामुळे कर्नलमध्ये तो चालू ठेवताच येत नाही. बांधून झाल्यावर कर्नलच्या बायनरीत एक्सएमएमचा एकही उल्लेख नाही ना, हे ऑब्जडंप आणि ग्रेप वापरून दर बिल्डला तपासतो. ते फक्त एका जागी सापडले, प्रोसेस बदलण्याच्या हाती लिहिलेल्या असेंब्लीत, आणि ते तिथं असायलाच हवेत.

लिनक्सनं याच पेचातून जाताना थोडी वेगळी वाट घेतली आहे. तिथंही कर्नलचा सी कोड एसएसईशिवाय बांधला जातो, आणि ज्यांना खरंच ती रजिस्टर लागतात, उदाहरणार्थ कूटलेखनाचा कोड, ते आधी रीतसर परवानगी घेऊन, वापरकर्त्याची रजिस्टर जपून मगच हात लावतात. स्टॅकच्या बाबतीत मात्र लिनक्सचा एक्स८६-६४ कर्नल १६ ऐवजी ८ बाइटांच्या पटीवर भागवतो. २०१७ च्या सुरुवातीला चाचा२० या कूटलेखन पद्धतीच्या कोडमध्ये त्याचा चटका बसला. स्टॅकवरचा एक बफर १६ च्या पटीत असावा असं सी मध्ये लिहिलेलं होतं, कंपायलर स्टॅक तसा आहे असं धरून चालला, आणि तो तसा नव्हता. शेवटी बफर थोडा मोठा घेऊन त्यातला १६ च्या पटीतला पत्ता हातानं काढला गेला. एआरएम६४ वर तर ही मोकळीक जवळजवळ नाहीच. तिथं वाकड्या स्टॅक पॉइंटरच्या आधारानं मेमरीला हात लावताच प्रोसेसर फॉल्ट देऊ शकतो, ती व्यवस्था कर्नल चालू ठेवतात, आणि आमच्यासारखी चूक महिनोन्‌महिने दडून बसत नाही. ही कडक शिस्त मला मनापासून आवडते.

उरलेल्या वाटा

एका वाटेवर चूक सापडली की असेंब्लीतून सी कडे जाणाऱ्या सगळ्याच वाटा मोजायच्या, हे आम्ही सोमवारी केलं. सिस्कॉलची, म्हणजे प्रोग्रामनं कर्नलला काम सांगण्याची, वाट बरोबर निघाली. ती स्वतंत्र मोजावी लागते, कारण सिस्कॉल सूचना स्टॅकवर काहीच ठेवत नाही, आरएसपीही बदलत नाही, सगळं आपणच करायचं असतं. डबल फॉल्टचा वेगळा स्टॅक ठीक होता. प्रोग्राम सुरू होताना त्याला दिला जाणारा स्टॅकही ठीक होता.

नवा कर्नल थ्रेड मात्र चुकला होता. थ्रेड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा त्याच्या फंक्शनला कुणी कॉल करत नाही. आम्ही त्याचा पत्ता स्टॅकवर आधीच मांडून ठेवतो आणि रेट ही सूचना तो उचलून तिथं उडी मारते. पत्ता सगळ्यात वरच्या जागी होता. रेटनंतर आरएसपी थेट स्टॅकच्या माथ्यावर जायचा, शेवट ०, आणि फंक्शनला तर दारात ८ हवा असतो. ज्याला कुणी बोलावलंच नाही त्याच्या स्टॅकवर परतीचा पत्ता कुठून येणार? म्हणून फंक्शनचा पत्ता एक जागा खाली सरकवून त्या जागी आम्ही एक खोटा परतीचा पत्ता ठेवला, शून्य. आता त्या थ्रेडमध्ये पॅनिक झालं तर स्टॅक ट्रेस त्या शून्यापाशी येऊन थांबतो. आधी तो माथ्यापलीकडचा कचरा छापत जायचा, आणि तो कचरा कुठून येतो हे आम्ही बरेच दिवस शोधत होतो.